गाढवाचा नांगर आणि रोमचा जमाखर्च

शहर भरमसाट वाढलं, खात्यावर लाल आकडा आला, रस्त्यावर दंगली सुरू झाल्या, की कर शेवटच्या पायरीपर्यंत चढवायचा. शिबंदी बाहेर काढायची. शहराला खुशाल बंड करू द्यायचं, मग वेढा घालून तेच शहर परत जिंकायचं आणि समोर येणाऱ्या तीन पर्यायांतला कत्तलीचा पर्याय निवडायचा. चारांतली तीन माणसं कमी होतात, लुटीचा पैसा तिजोरीत पडतो, शहर गप्प बसतं. ‘रोम : टोटल वॉर’ हा खेळ २००४ साली आला तेव्हापासून हा सल्ला मुरलेले खेळाडू नवख्यांच्या कानात सांगत आले आहेत. २०२१ साली खेळ नव्या रंगरूपात आला. सल्ला जुनाच राहिला.

हा सल्ला क्रूर आहे अशी माझी तक्रार नाही. पडद्यावरच्या आकड्यांसाठी कुणी गळा काढू नये. माझी तक्रार अशी की तो हिशेबात चुकलेला आहे, आणि तो देणारे स्वतःला हिशेबी समजतात.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी लेखणी उचलली नसती. पण आमच्या लंडनच्या उपनगरात, स्टॅनमोरला, एका मराठी घरी जेवणं आटोपल्यावर त्या घरचा मुलगा आपली अडचण सांगत बसला होता. “काका, कार्थेज चोवीस हजारांवर गेलंय. दर टर्नला तोट्यात आहे आणि वर दंगली.” काकांनी वरचा सल्ला सुपारी कातरता कातरता दिला आणि पुढे म्हणाले, “अरे, मुंबईचंही हेच करायला हवं. अर्धी माणसं उचलून बाहेर टाका. बघ कशी फायद्यात येते.” चार जणांनी माना डोलावल्या. काका स्वतः डोंबिवलीचे. मुंबईच्या लोकलला लटकूनच त्यांचं शिक्षण झालं. तर हा प्रतिवाद त्या काकांना आणि डोलणाऱ्या मानांना.

आधी लाल आकडा तपासू. खेळात शहराचा तपशील उघडला की जमेच्या बाजूला शेती, खाणी, व्यापार, कर दिसतात आणि खर्चाच्या बाजूला पगार, भ्रष्टाचार नि फौजेची पोसणावळ. यातली पोसणावळ त्या शहरातल्या फौजेची नसते. साऱ्या साम्राज्याच्या फौजेचा खर्च एकत्र करून तो शहरांवर लोकसंख्येच्या प्रमाणात वाटलेला असतो. गॉलच्या रानात लढणाऱ्या पलटणीचा खर्च कार्थेजच्या नावे पडतो, कारण कार्थेजात माणसं जास्त.

सोपे आकडे घेऊन पाहा. समजा तुमची चार शहरं आहेत: एक २४,००० वस्तीचं, दोन ६,०००ची, एक ४,०००चं. एकूण माणसं ४०,०००. फौजेचा खर्च दर टर्नला १०,००० दिनार. मोठ्या शहराच्या वाट्याला त्यातले ६,००० येतात. त्याची स्वतःची कमाई ४,५०० धरा. पडद्यावर दिसणार उणे १,५००. आता काकांच्या सल्ल्याने कत्तल करा. शहरात उरले ६,०००, साम्राज्यात २२,०००. मोठ्या शहराचा वाटा ६,०००वरून २,७२७वर आला. माणसं गेली तशी कमाईही घटली. मोठ्या मनाने ती ३,००० धरू. शहर आता अधिक २७३ दाखवतं. लाल आकडा गेला! काका खूश! पण फौजेला तर अजून १०,०००च लागतात. उरलेल्या तीन शहरांवर आधी ४,०००चा बोजा होता, तो ७,२७३ झाला, आणि तिजोरीत दर टर्नला दीड हजार दिनार कमी येऊ लागले. पुढच्या टर्नला त्या तिघांपैकी एखाद्याच्या खात्यावर लाल आकडा उगवला, की काका सुपारी बाजूला ठेवून तिकडेही निघणार.

कॉस्टिंगचं काम केलेल्या कुणालाही हा प्रकार ओळखीचा वाटेल. हेड ऑफिसचा खर्च डोक्यांवर वाटला की सगळ्यात जास्त माल काढणारा कारखानाच तोट्यात दिसतो. एखादा हुशार साहेब तो बंद करतो, आणि पुढल्या वर्षी हेड ऑफिसचा तोच खर्च उरलेल्या कारखान्यांच्या बोकांडी बसतो.

काकांच्या बाजूने दोन गोष्टी मान्य करायला हव्यात. कत्तलीनंतर मिळणारी लूट खरी असते आणि अडचणीच्या वेळी ती उपयोगी पडते. दुसरं, बकालपणा हा काही हिशेबनिसाचा भास नव्हे. वस्ती वाढेल तसा तो चढतो, सुव्यवस्था खाली ओढतो. राजधानीपासूनचं अंतर, परक्या संस्कृतीच्या इमारती, दुबळा सुभेदार, हे सगळंही सुव्यवस्था खाली ओढतं, आणि ती फारच घसरली की दंगली पेटतात. मग खेळाडूने हातावर हात ठेवून बसावं असं मी म्हणत नाही. पण बकालपणा जसा सुव्यवस्था खातो तसाच तो लोकसंख्येच्या वाढीलाही लगाम घालतो. माणसं मारली की हा लगाम सुटतो. सांडपाण्याची गटारं, स्नानगृहं, सुधारलेली शेती जागच्या जागीच असतात. शहर झपाट्याने पुन्हा भरतं. म्हणजे काही वर्षांनी तोच बकालपणा, त्याच दंगली, तोच वेढा. आणि बंडात मोडलेल्या इमारती दुरुस्त करायचा खर्च वेगळा. हा उपाय म्हणजे दर काही वर्षांनी नव्याने फेडायचं कर्ज आहे.

गंमत म्हणजे खेळाने दुसरी वाट उघड दाखवलेली आहे. त्यात शिपाई आकाशातून पडत नाहीत. भरती केली की तेवढी माणसं त्या शहराच्या लोकसंख्येतून वजा होतात, आणि तुकडी जिथे बरखास्त कराल तिथल्या लोकसंख्येत मिळवली जातात. सगळ्यात स्वस्त तुकडी शेतकऱ्यांची. लढाईत ती कुचकामी, दोन बाण आले की पळ काढणारी, म्हणून खेळाडू तिला हसतात. तुकड्यांचा आकार सगळ्यात मोठा ठेवला तर तिच्यात २४० माणसं असतात. चोवीस हजारांचं शहर दर टर्नला एक टक्का वाढत असेल तर ती वाढ बरोब्बर २४०. दर टर्नला एक तुकडी उभी करा नि दूरच्या, दोन हजारांचा टप्पा न गाठलेल्या एखाद्या गावात नेऊन बरखास्त करा. मोठं शहर जागच्या जागी राहतं, छोटं गाव लवकर मोठं होतं. शिवाय तुकडी वाटेत एखाद्या अस्वस्थ शहरात थांबवली तर तिथे शिबंदी म्हणूनही चालते, कारण दंगल आवरताना खेळ शौर्यापेक्षा डोकी मोजतो. पोटासाठी गाव सोडून दुसरीकडे बिऱ्हाड करणाऱ्या माणसाला कोकणात चाकरमानी म्हणतात. रोमन साम्राज्यात चाकरमान्यांची सोय आहे, काकांना मात्र ती दिसलेली नाही.

दंगली अंतरामुळे होत असतील तर राजधानीच साम्राज्याच्या मध्यावर हलवावी; खेळात ते एका क्लिकचं काम आहे. राजधानी हलवायची म्हटली की आपल्या लोकांच्या कपाळावर आठी पडते. देवगिरीचं दौलताबाद करून दिल्लीची माणसं इकडे हाकलणारा शाळेच्या पुस्तकातला महंमद तुघलक कुणाच्या डोक्यातून गेलेला नसतो. पण तुघलकाची चूक माणसांची फरफट करण्यात होती. नकाशावर मधलं गाव शोधण्यात काही वेडेपणा नव्हता.

“खेळच तो, एवढं काय मनावर घेता,” असं कुणी म्हणेल. ठीक. पण हा खेळ इतिहासाचा म्हणून विकला जातो, आणि काकांचं आवडतं वाक्य असं की रोमनांनी साम्राज्य असंच चालवलं. मग रोमनांनाच विचारू. त्यासाठी स्टॅनमोरच्या बाहेर जायची गरज नाही.

स्टॅनमोर स्टेशनवरून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर ब्रॉकली हिल आहे. आज तिथे हाडांच्या आजारांचं मोठं इस्पितळ आहे आणि टेकडीवरून जाणारा सरळसोट रस्ता म्हणजे रोमनांचा वॉटलिंग स्ट्रीट, लंडनहून व्हेरुलेमियमला म्हणजे आजच्या सेंट ऑल्बन्सला जाणारा. इथे रोमनांचं सुलोनियाके नावाचं ठाणं होतं आणि पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात कुंभारांच्या भट्ट्या धडाडून चालू होत्या. खोदकामात सापडलेला त्यांचा खास माल म्हणजे वाटण-घाटण करायची जाड वाडगी: बाहेर वळलेला काठ, ओतायला चोच, आतून खरखरीत व्हावं म्हणून भाजण्यापूर्वी ओल्या मातीत दाबलेले दगडाचे कण आणि काठावर कुंभाराच्या नावाचा शिक्का. डोइनस, मॅटुजेनस ही त्यातली नावं. मॅटुजेनस शिक्क्यात ‘अल्बिनसचा मुलगा’ असंही लावी. बापाचं नाव लावल्याशिवाय सही पुरी न होणारे आपणच नव्हेत. या वाडग्यांचं गिऱ्हाईक रस्त्याच्या दोन्ही टोकांना, लंडन आणि व्हेरुलेमियम इथे. टेकडीवरची भट्टी पेटती राहायची ती शहरातल्या गर्दीमुळे.

इ. स. ६०-६१मध्ये ही दोन्ही टोकं जळाली. इसेनी टोळीचा राजा प्रासुटॅगस वारला. त्याने मृत्युपत्रात आपली दौलत सम्राट नीरो आणि स्वतःच्या दोन मुली यांच्यात वाटली होती, पण रोमन अधिकाऱ्यांनी सगळंच घशात घातलं, राणी बूडिकाला फटके मारले, मुलींवर अत्याचार केले. त्याच सुमारास तत्त्ववेत्ता सेनेका याने ब्रिटनमध्ये दिलेलं चार कोटी सेस्टर्सचं कर्ज एकदम परत मागितलं असं कॅसियस डिओ लिहितो. कर शेवटच्या पायरीवर नेला की काय होतं, त्याचा हा मूळ नमुना. बूडिकाने आधी कॅम्युलोडुनम म्हणजे कोलचेस्टर जाळलं. सुभेदार सुएटोनियस पॉलिनस फौज घेऊन लंडनपर्यंत आला, शहर राखता येणार नाही असं त्याने ठरवलं आणि एका शहराचा बळी देऊन प्रांत वाचवू म्हणून निघून गेला. लंडन जळालं, व्हेरुलेमियम जळालं. तिन्ही ठिकाणी मिळून सत्तर हजार मेले असं टॅसिटस सांगतो. लंडनच्या पोटात त्या आगीचा तांबडा थर आजही पुरातत्त्ववाल्यांना लागतो. बूडिकाला स्टॅनमोरमध्येच पुरलंय अशी इथे एक दंतकथा आहे; इतिहासकार ती मानत नाहीत, इथल्या लोकांना ती सोडवत नाही.

पुढे पॉलिनस जिंकला आणि त्याने टोळ्यांचा मुलूख आग नि तलवार घेऊन झोडपायला सुरुवात केली. शहर सोडून देणं, परत येणं, मग कापाकापी: काकांचा सल्ला अक्षरशः अमलात आला. आणि त्याला विरोध कुणी केला? प्रांताच्या महसुलाचा नवा अधिकारी ज्युलियस अल्पिनस क्लासिसियानस याने, म्हणजे आपल्या भाषेत फडणिसाने. शरण येणाऱ्यांना दयामाया दाखवणारा नवा सुभेदार येईपर्यंत थांबा असं तो लोकांना सांगू लागला, आणि पॉलिनस असेपर्यंत लढाई संपणार नाही असं त्याने रोमला कळवलं. टॅसिटसला हा माणूस मुळीच आवडत नाही; त्याने वैयक्तिक आकसापोटी हे केलं असा त्याचा शेरा आहे. असेल आकस. पण वसुली ज्याच्या गळ्यात असते त्याला मेलेला माणूस कर भरत नाही हे चटकन कळतं. नीरोने चौकशीला पॉलिक्लिटस नावाचा माणूस धाडला आणि काही दिवसांनी पॉलिनसच्या जागी पेट्रोनियस टर्पिलियानस आला. लंडन पुन्हा उभं राहिलं. क्लासिसियानस तिथेच वारला. बायको ज्युलिया पॅकाटा हिने उभारलेल्या त्याच्या थडग्याचे दगड पुढे शहराच्या तटबंदीत वापरले गेले. ते टॉवर हिलजवळ १८५२ आणि १९३५ साली सापडले आणि आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. रोमनांनी साम्राज्य कसं चालवलं याचं उत्तर काकांना जुबिली लाइनने जाऊन वाचता येईल.

आपल्या मुलखातही कत्तलीचं बटण दाबलं गेलेलं आहे. १६३०च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणे जाळलं आणि तिथे गाढवाचा नांगर फिरवला. त्या पुण्याचा महसूल पुढे किती आला? उजाड गावाचा कसला महसूल! जिजाऊ आणि बाल शिवाजी पुण्यात आल्यावर जहागिरीच्या कारभाऱ्यांना रयत परत बोलवावी लागली, कौल द्यावा लागला, सारा आधी नाममात्र आणि मग वर्षागणिक चढता ठेवावा लागला. बाल शिवाजीच्या हातून तिथे फिरवलेल्या सोन्याच्या नांगराची गोष्ट परंपरेची आहे, साऱ्याच्या सवलतीची मात्र रोकड्या व्यवहाराची. पुढे पेशवाईत पुण्याच्या नव्या पेठा वसवताना हेच झालं: येऊन राहणाऱ्याला काही वर्षं कर माफ. गर्दी नको म्हणून कुणी पेठ वसवली नाही. शेटे-महाजन जमवाजमव करून माणसं आणत.

आता काकांची मुंबई. तिथे हा प्रयोग एकदा झाला आहे, आणि तोही अर्धवट नव्हे. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. हिवाळ्यात लाखो माणसं मुंबई सोडून गावाकडे पळाली. १८९१च्या जनगणनेत शहरात सव्वाआठ लाखांच्या आसपास माणसं होती, १९०१मध्ये पावणेआठ लाख. गर्दी कमी झाली, काकांच्या मनासारखं. फायदा झाला का? गिरण्यांना हात मिळेनात. मालक एकमेकांची माणसं फोडू लागले, महिन्याचा पगार अडवून ठेवायची त्यांची जुनी सवय मोडली आणि रोजची मजुरी रोज हातावर ठेवायची पाळी आली. रिकामी मुंबई काय किमतीची असते ते गिरणीवाल्यांना त्या काही महिन्यांत कळलं.

मग १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. बकाल वस्त्या पाडायच्या, हवा खेळती करायची, रुंद रस्ते काढायचे. प्रिन्सेस स्ट्रीट निघाला, सँडहर्स्ट रोड निघाला. रस्ते चांगले झाले हे कबूल केलंच पाहिजे. पण ज्यांच्या खोल्या पाडल्या त्यांना कामाच्या जवळच राहायचं होतं. ती माणसं शेजारच्या चाळींत घुसली, एका खोलीत दोन बिऱ्हाडं झाली आणि पाडलेला बकालपणा पुढच्या गल्लीत जाऊन बसला. प्रशांत किदंबी यांनी मुंबईवरच्या आपल्या २००७च्या पुस्तकात ट्रस्टचा हा उलटा परिणाम नीट मांडला आहे. आणि १९११च्या जनगणनेत मुंबई पावणेदहा लाखांवर होती. कत्तलीनंतर कार्थेज जसं भरतं तशीच.

पुण्यात १८९७ साली प्लेग अधिकारी रँडने प्लेगचा बंदोबस्त गोऱ्या शिपायांच्या हाती दिला, घराघरांत झडत्या घेतल्या. शिबंदी वाढवून शहर आवरायचं हे त्याचं सूत्र. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत त्याचं काय झालं ते सांगायला नको.

अर्धी मुंबई उचला म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो की ते अर्धे कोण? त्यात काकांच्या डोंबिवलीतल्या भावाचा नंबर लागतो का? की फक्त त्याच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा? दर मुंबईकराला आपल्या नंतर आलेला माणूस जादा वाटतो. काकांना तर ते सात हजार किलोमीटरांवरून वाटतं.

स्टॅनमोर नीटस आहे, हिरवं आहे, रात्री आठनंतर रस्त्यावर चिटपाखरू नसतं, म्हणून आमच्या लोकांना वाटतं की कमी माणसं म्हणजे सुबत्ता. या गावाचं खातं मात्र स्वतंत्र नाही. १० डिसेंबर १९३२ला इथलं आजचं स्टेशन उघडलं ते लंडनची माणसं बाहेर राहायला आणि रोज आत कमवायला नेण्यासाठी. सकाळच्या जुबिली लाइनमध्ये बसणारे सगळे त्या गर्दीतूनच पगार आणतात. लंडनने स्वतःही गर्दी घटवून पाहिली. १९४४ची अॅबरक्रॉम्बी योजना, १९४६पासूनची नवी नगरं. १९३९मध्ये ८६ लाखांवर असलेलं लंडन १९८०च्या दशकात ६८ लाखांच्या घरात आलं. तेव्हा शहर श्रीमंत झालं नव्हतं. मधले भाग ओस पडत होते, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सरकारला धोरण उलटं फिरवून ते भाग सावरायला पैसा ओतावा लागला. जुना आकडा गाठायला २०१५ उजाडलं. आज घरभाडं परवडत नाही म्हणून सगळे ओरडतात, पण लंडन रिकामं करा असं कुणी म्हणत नाही.

वाटणीचा हिशेब दुसऱ्या बाजूनेही चुकतो, तेही सांगतो, नाहीतर मुंबईची वकिली केल्यासारखं होईल. तानसा, भातसा, वैतरणा यांचं पाणी मुंबईला जातं आणि शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतात. मुंबईच्या खात्यात हा खर्च कुठेच दिसत नाही. तो दाखवा, त्याची भरपाई मागा, मोठ्याने मागा. पण त्याचं उत्तर पाण्याची आणि पैशाची वाटणी बदलणं हे आहे. माणसं वजा करून शहापूरच्या हंड्यात थेंबभर पाणी वाढणार नाही, कारण पाणी कुणाला द्यायचं हे ठरवणारे तिथेच बसलेले असतील.

काकांना माझं आव्हान आहे. तो मुलगा कार्थेजची एकच सेव्ह फाइल आपल्या दोघांना देईल. तुम्ही कत्तल करा, मी शेतकऱ्यांच्या तुकड्या हलवतो. फौज दोघांची तेवढीच ठेवायची, तीस टर्न खेळायचे, आणि शेवटी कार्थेजचा आकडा बघायचा नाही. साम्राज्याची तिजोरी उघडायची. पुढचा रविवार मला मोकळा आहे. सुपारी मी आणतो.